सुट्टीहून परतल्यावर घराची घडी पुन्हा बसविताना



सुरत शहरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांचे मूळ गाव खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तापीच्या खोऱ्यातून सुरतेला अमळनेरशी जोडणारा लोहमार्ग झाला आणि पुढील काळात कापडाच्या धंद्याने या मार्गावरील असंख्य कुटुंबांना येथे आणले. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत आज आपली वस्ती दाट आहे. तरीही आखाजीला लेकीबाळींनी माहेरी जावे, श्रावणात कानबाईला सर्व भाऊबंद गावच्या घरी एकत्र यावेत, दिवाळीला आईवडिलांच्या पाया पडावे, ही रीत आपण सोडलेली नाही. उधन्याला गाडीत बसावे, बारडोली, व्यारा मागे टाकावे, नवापूरच्या फलाटावर अर्धे गुजरातेत व अर्धे महाराष्ट्रात असल्याची मुलांना गंमत सांगावी आणि काही तासांत गावी पोहोचावे, हा क्रम अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

गुजरातच्या शाळांना उन्हाळ्यात साधारण ३५ दिवसांची व दिवाळीत २१ दिवसांची सुट्टी असते. तेवढा काळ येथील घराला कुलूप असते. परत येताना आपल्यापाशी वेळ मात्र अगदी थोडा उरतो. मे महिना संपतो, जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास शाळा उघडतात आणि महिन्याच्या मध्यास सुरतेत पाऊस येऊन ठेपतो. प्रवासाचा शीण, गावाहून आणलेल्या पिशव्यांचा ढीग, धुळीने भरलेले घर आणि दुसऱ्याच दिवशी कामावर जाण्याची घाई, अशा अवस्थेत जे समोर दिसेल ते आवरण्याकडे आपला कल असतो. प्रस्तुत लेखात एवढेच सांगावयाचे आहे की, बंद घर पुन्हा राहते करताना कामाच्या प्रमाणापेक्षा कामाच्या क्रमाला अधिक महत्त्व आहे. पसारा दोन दिवस तसाच राहिला तरी कोणाचे काही बिघडत नाही. पण वायू, वीज, पाणी व अन्न यांकडे पाहण्याआधी आपण केर काढावयास बसलो, तर जीवावर बेतू शकते.

दार उघडताना

कुलूप तुटलेले किंवा कडी उचकटलेली दिसली तर आत पाऊल टाकू नये, कशालाही हात लावू नये. शेजाऱ्यांना बोलावून ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे. घाईने आत शिरून आवराआवर केल्यास तपासाला उपयोगी पडणाऱ्या खुणा पुसल्या जातात.

सारे ठीक असेल तर दार उघडून क्षणभर उंबऱ्यापाशीच थांबावे व वास घ्यावा. स्वयंपाकाच्या वायूला स्वतःचा वास नसतो. गळती समजावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. तसा वास आला तर दिव्याचे अथवा पंख्याचे बटण दाबू नये, आधीच चालू असलेले बटण बंदही करू नये, दारावरची घंटाही वाजवू नये; कारण बटण दाबताना उडणारी बारीकशी ठिणगी पुरेशी असते. दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा नळाच्या गॅसची मीटरजवळची चावी बंद करावी, मुलांना व वृद्धांना बाहेर न्यावे आणि बाहेर येऊनच दूरध्वनी करावा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक देशभर अहोरात्र चालू असतो. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत, ओट्याखाली व पलंगाखाली साचतो. नळाने येणारा वायू हलका असल्यामुळे वर छताकडे जातो. म्हणून केवळ वरची झडप उघडून भागत नाही, दार व खिडकी दोन्ही उघडी हवीत.

येथे एका सवयीविषयी लिहिणे अगत्याचे वाटते. परगावाहून आल्यावर प्रथम देवापाशी दिवा लावावा, मग बाकीचे पाहावे, असा संस्कार आपल्या अनेक घरांत आहे. तो सुंदर आहे व तो जपावा. मात्र महिनाभर कोंडलेल्या घरात काडी ओढण्यापूर्वी निदान अर्धा तास वारा खेळू द्यावा. देवाला हात जोडून नमस्कार करण्यास काडीची गरज नाही. दिवा थोडा उशिरा लागला म्हणून त्याचे पावित्र्य उणे होत नाही.

वीज

निघताना मुख्य स्वीच बंद करून गेला असाल तर तो सुरू करण्यापूर्वी घरभर एक नजर फिरवावी. उंदरांनी तारा कुरतडल्या आहेत काय, भिंतीला ओल आली आहे काय, एखाद्या प्लगपाशी काळपट डाग आहे काय, हे पाहावे. सर्व उपकरणांची बटणे बंद ठेवून मुख्य स्वीच लावावा आणि मग एकेक उपकरण सुरू करावे. एमसीबी पुन्हा पुन्हा खाली पडत असेल तर तो बळेने वर चढवू नये. तो पडणे हीच त्याची सूचना असते, आणि अशा वेळी जाणत्या वायरमनला बोलावणे स्वस्त पडते. घरी साडीचे टिकी-लेसचे काम करणाऱ्या भगिनींच्या खोलीत कापडाचे गठ्ठे असतात. त्या खोलीतील तारांची पाहणी सर्वांत आधी करावी. गीझर सुरू करण्यापूर्वी त्याच्या नळाला पाणी येत असल्याची खात्री करून घ्यावी.

पाणी

सुरतेच्या घरात सुट्टीनंतरचा सर्वांत मोठा धोका साचलेल्या पाण्यात असतो. डेंग्यूचा डास आपली अंडी भांड्याच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर चिकटवतो. पाणी आटले तरी ही अंडी महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि भांड्यात पुन्हा पाणी भरताच त्यांतून अळ्या निघतात. उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास होण्यास साधारण ८ ते १० दिवस पुरतात. ३५ दिवस बंद असलेल्या घरात त्याच्या वाढीला पुरेपूर वेळ मिळतो, याचा विचार करावा. शहरी मलेरिया पसरविणारा डास तर गच्चीवरच्या उघड्या टाकीतच वाढतो.

यास्तव केवळ पाणी ओतून देऊन काम होत नाही. टाकी, पिंप, बादल्या, माठ, कूलरचे भांडे, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रीजच्या मागील बाजूस पाणी गोळा होणारे छोटे पात्र, या सर्वांच्या आतल्या भिंती ब्रशने किंवा काथ्याने घासून, धुऊन, कोरड्या कराव्यात व मगच भराव्यात. टाकीचे झाकण घट्ट बसते काय ते पाहावे. गच्चीवर पडलेले जुने टायर, फुटके डबे, नारळाच्या करवंट्या काढून टाकाव्यात. त्यानंतर आठवड्यातून एक दिवस ठरवून सर्व भांडी कोरडी करण्याचा नेम ठेवावा. आठवडा हे अंतर डासाच्या वाढीच्या काळापेक्षा कमी असल्यामुळे त्याचे चक्र तेथेच तुटते. महानगरपालिकेचे आरोग्य कर्मचारी घरोघर येऊन पाण्याची भांडी तपासतात, तेव्हा त्यांना गच्चीपर्यंत जाऊ द्यावे. ते आपल्याच भल्यासाठी आलेले असतात.

नळ प्रथम उघडल्यावर काही मिनिटे पाणी वाहू द्यावे. नळीत महिनाभर राहिलेले पाणी पिण्यास घेऊ नये, ते फरशी पुसण्यास वापरावे. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र असल्यास त्याच्या टाकीतील पहिले पाणी सोडून द्यावे.

बंद घरात शिरताच येणारी दुर्गंधी पुष्कळदा मोरीतून येत असते. न्हाणीघराच्या जाळीखालील वाकड्या नळीत नेहमी थोडे पाणी असते आणि तेच पाणी गटारातील वायूला व झुरळांना अडवून धरते. घर बंद राहिले की हे पाणी आटते व वाट मोकळी होते. प्रत्येक मोरीत व संडासात एक-दोन तांबे पाणी ओतले की पुष्कळ वास तासाभरात जातो. तेथे फिनाईल ओतण्याआधी हा साधा उपाय करून पाहावा.

उंदीर आणि धूळ

सुरतकरांना उंदराचा विषय नवा नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये येथे प्लेगची साथ पसरली आणि लाखो माणसे घरांना कुलपे लावून शहर सोडून गेली. त्यांत आपल्या खानदेशी कुटुंबांची संख्याही मोठी होती. साथ ओसरल्यावर ती परतली, तेव्हा बंद घरे स्वच्छ करून पुन्हा राहण्याजोगी करणे हे साऱ्या शहराचेच काम झाले. पुढे १९९५ मध्ये महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या श्री. एस. आर. राव यांनी शहराच्या सफाईला जी शिस्त लावली, तिचे रहस्य एखाद्या मोठ्या मोहिमेत नव्हते. अधिकाऱ्यांनी रोज सकाळी प्रत्यक्ष वस्तीत जावे व रोजचे काम रोज पुरे व्हावे, या आग्रहात ते होते. त्याच शहराने २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरसह देशात प्रथम क्रमांक मिळविला. घराच्या सफाईलाही हाच न्याय लागू पडतो.

दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस हा रोग आढळतो. उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून व ओलसर जागेतून तो माणसाला होतो, विशेषतः कातडीला जखम असल्यास. म्हणून ओट्याखाली किंवा पोटमाळ्यावर उंदराच्या लेंड्या दिसल्यास त्या कोरड्या झाडूने उडवू नयेत. हातात रबरी मोजे घालावेत, त्या जागेवर ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडून थोडा वेळ थांबावे आणि मग ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. ते फडके टाकून द्यावे. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. साबणाने हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात जाऊ नये.

धुळीच्या बाबतीतही वरून खाली व आतून बाहेर असा क्रम ठेवावा. आधी पंखे व माळे, मग कपाटे, शेवटी फरशी. दमा असलेल्या व्यक्तीला तेवढा वेळ शेजारी बसवावे.

फ्रीज, औषधे व शिळे अन्न

फ्रीज चालू ठेवून गेलेल्यांना एक अडचण असते. मागे वीज किती वेळ गेली होती हे परतल्यावर कळत नाही, कारण विरघळलेला बर्फ पुन्हा गोठलेला असतो. यासाठी निघताना एका वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर एक नाणे ठेवावे. परतल्यावर नाणे वरच असेल तर चिंता नाही. ते मध्ये किंवा तळाशी गेलेले असेल तर बर्फ वितळण्याइतका वेळ वीज नव्हती असे समजावे व आतील शिजवलेले अन्न, दूध, दही, लोणी, खवा टाकून द्यावे. वीज गेल्यावर न उघडलेल्या फ्रीजमध्ये अन्न सुमारे चार तासच सुरक्षित राहते. वास चांगला आहे म्हणून चव घेऊन पाहू नये. अन्न पूर्णब्रह्म आहे, ते वाया घालवू नये, हे खरे. परंतु नासलेले अन्न पोटात घालणे हा अन्नाचा सन्मान नव्हे.

पत्र्याच्या छपराखालील किंवा वरच्या मजल्यावरील खोली मे महिन्यात फार तापते. तेथे महिनाभर राहिलेल्या औषधांच्या बाटल्या व गोळ्या तशाच वापरू नयेत. रंग बदललेले, चिकटलेले, मुदत संपलेले औषध काढून टाकावे. इन्सुलिन फ्रीजमध्ये असेल व वीज गेल्याचा संशय असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते टोचून घेऊ नये.

गावाहून आणलेले सामान

पिशव्या व गाठोडी एकदम पलंगावर किंवा कपाटात ठेवू नयेत. ती गॅलरीत किंवा दाराशी ठेवून एकेक उघडावीत. प्रवासात पिशव्यांच्या शिवणीत ढेकूण येतात आणि एकदा ते पलंगात शिरले की वर्षभर जात नाहीत. घातलेले कपडे वेगळे काढून कढत पाण्यात भिजवावेत.

आता राहिली बेगमी. गावाहून येताना आपण उडदाचे पापड, कुरडया, शेवया, ज्वारीचे बिबडे, कळण्याचे पीठ, काळा मसाला, तुरीची डाळ आणि लोणच्याची बरणी आणतो. खानदेशाची कोरडी हवा व सुरतेची समुद्राकाठची दमट हवा यांत फार अंतर आहे. गावच्या कोठीत वर्षभर टिकणारी कुरडई येथे जुलैत बुरसते. पाऊस सुरू होण्यापूर्वी मिळेल त्या कडक उन्हात हे सर्व पदार्थ एकदा तरी वाळवावेत, पूर्ण निवू द्यावेत आणि मगच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. गरम असताना डबा लावला तर आतच वाफ धरते. लोणच्यावर तेलाचा थर राहील असे पाहावे व त्यात ओला चमचा घालू नये.

गावाहून आणलेले धान्य घरातील जुन्या धान्यात लगेच मिसळू नये. एका दाण्यात लपलेला सोंडा साऱ्या कोठीचा नाश करतो. नवे धान्य दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावे, अधूनमधून चाळून पाहावे आणि मग कोठीत भरावे. गहू दाताखाली कट्कन फुटला तर तो पुरेसा कोरडा आहे असे समजावे. डाळीला व गव्हाला एरंडेल तेलाचा हात लावण्याची गुजरातेतील रीत उत्तम आहे. वाळलेला कडुनिंबाचा पाला घालण्याची आपली रीतही निर्धोक आहे.

परंतु येथे सर्वांना कळकळीची विनंती आहे. बाजारात सल्फॉस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काहीजण धान्याच्या कोठीत ठेवतात व घर बंद करून गावी जातात. हवेतील ओलावा लागताच या गोळ्यांतून अतिशय विषारी वायू निघतो. बंद खोलीत तो साचून राहतो, भेगांतून शेजारच्या खोलीतही जातो. त्यावर उतारा नाही. या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीतच. प्रशिक्षित माणसांनी मोकळ्या गोदामात, नियमांनुसार वापरण्याचे ते साधन आहे. परतल्यावर घरात लसणासारखा किंवा कुजलेल्या मासळीसारखा वास आला, मळमळ होऊ लागली, छातीत कोंडल्यासारखे वाटले, तर सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे, गोळ्यांवर पाणी ओतू नये, १०१ वर अग्निशमन दलास कळवावे आणि त्रास होणाऱ्यास विलंब न करता मोठ्या रुग्णालयात न्यावे. दहा-वीस किलो धान्य किड्याने खाल्ले तरी ते पुन्हा विकत घेता येते.

देवघर

घरातील देव कोणी शेजाऱ्यांकडे ठेवतात, कोणी बरोबर नेतात, कोणी देवघरातच पडदा ओढून ठेवतात. तिसऱ्या प्रकारात परतल्यावर देवघराची सफाई नीट व्हावी. वाळलेली फुले व निर्माल्य काढावे, ते नाल्यात न टाकता कुंडीतील मातीत मिसळावे. तांब्याच्या कलशात राहिलेले पाणी तीर्थ म्हणून घेऊ नये. ते झाडाला घालावे व कलश चिंच किंवा लिंबाने घासून घ्यावा. समईतील जुने तेल खवट व धुळीने दाट झालेले असते, ते बदलावे. देवघरावरील पडदा, कागदी शोभा, विजेच्या माळा या ज्योतीपासून दूर आहेत काय ते पाहावे. माळांची तार जुनी झाली असल्यास ती काढून टाकणेच इष्ट.

कागदपत्रे व येणारा पाऊस

उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने ऑगस्ट २००६ मध्ये शहराचा मोठा भाग बुडाला, हे ज्यांनी अनुभवले त्यांना सांगावयास नको. त्या पुरात ज्या वस्तू पुन्हा मिळविण्यास सर्वाधिक हेलपाटे पडले, त्यांत कागद होते: घराचे दस्त, मुलांचे दाखले, शिधापत्रिका, बँकेची पुस्तके. मिठी खाडीच्या काठच्या वस्तीत तर नदीला पूर नसतानाही जोराच्या पावसात खाडीचे पाणी घरात शिरते. म्हणून जूनमध्ये घर लावताना कागदपत्रे एकत्र करून प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत, माणसाच्या उंचीहून वर ठेवावीत. त्यांची छायाचित्रे मोबाईलमध्ये व एक प्रत गावच्या घरी ठेवावी. धान्याची कोठी विटांवर उचलून घ्यावी. गच्चीवरील पन्हळीतील पालापाचोळा काढावा. हे सर्व करण्यास परतल्यापासून पावसापर्यंत जेमतेम दहा दिवस मिळतात.

दाराखालून टाकलेली पत्रे व बिले पहिल्या दोन दिवसांतच पाहावीत. वीजबिलाची मुदत उलटून गेली असल्यास लगेच भरणा करावा, म्हणजे ऐन शाळेच्या पहिल्या दिवशी अंधारात बसण्याची वेळ येत नाही.

घरातील माणसे

घर वस्तूंचे असते तितकेच माणसांचे असते, आणि त्यांचीही घडी बसावी लागते. गावी मुले रात्री उशिरा अंगणात झोपतात, उन्हे वर आल्यावर उठतात. शाळेच्या आदल्या रात्री परतणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळी उठविणे हा त्याच्यावर अन्याय होतो. शाळा उघडण्यापूर्वी निदान तीन-चार दिवस आधी यावे, रोज थोडे लवकर झोपवावे, दप्तर-गणवेश त्याच्याकडूनच काढून घ्यावा. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत कोणालाही थंडी वाजून ताप आला तर अंगावर काढू नये. रक्त तपासून घ्यावे आणि प्रवास केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

एक गोष्ट पुरुष सभासदांसाठी. घरातील गृहिणी गावी विश्रांतीस गेली होती, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तिने तेथे महिनाभर पापड लाटले, कुरडया घातल्या, चुलीपाशी पंगती सांभाळल्या. परतताच येथील बंद घरही तिनेच एकटीने उभे करावे, ही अपेक्षा योग्य नाही. वर सांगितलेल्या कामांपैकी गॅस, वीज, टाकी, गच्ची, उंदीर व कागदपत्रे ही कामे पुरुषांनी व मोठ्या मुलांनी घ्यावीत. पहिल्या रात्री खिचडीवर किंवा शेजाऱ्यांनी दिलेल्या भाकरीवर भागवावे. मोठी सफाई एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरला की कंबर धरते, चिडचिड होते आणि सुट्टीचा सारा आनंद दोन दिवसांत संपतो. रोज एक खोली किंवा एक कपाट घेतले तर आठवड्यात घर लागते व मनही प्रसन्न राहते.

क्रम थोडक्यात

१. पहिला तास: कुलूप, वास, दारे-खिडक्या, गॅस, विजेची पाहणी, मोरीत पाणी. त्यानंतर देवापाशी दिवा.
२. पहिला दिवस: पाण्याची सर्व भांडी घासणे, फ्रीज, औषधे, एका खोलीची ओली सफाई, अंथरुणे.
३. दुसरा-तिसरा दिवस: सामान बाहेरच उघडणे, कपडे, बिले, देवघर, मुलांचे दप्तर.
४. पहिला आठवडा: बेगमीला ऊन, धान्याची चाळणी, गच्ची व पन्हळी, कागदपत्रे उंचावर, भांडी कोरडी करण्याचा पहिला दिवस.

पुढील वेळी निघण्यापूर्वी गॅस व मुख्य स्वीच बंद करणे, भांडी पालथी घालणे, फ्रीज रिकामा करून दार किंचित उघडे ठेवणे (किंवा चालू ठेवल्यास नाण्याची वाटी), मोरीच्या जाळ्या झाकणे आणि विश्वासू शेजाऱ्याकडे किल्ली देणे, एवढी पाच कामे केली तर परतल्यावरची निम्मी कामे आपोआप कमी होतात. किल्ली सांभाळणाऱ्या शेजाऱ्यासाठी गावाहून चार पापड अधिक आणावेत. सुरतेत नातेवाईक दूर असतात, अडचणीला पहिला धावून येतो तो शेजारीच.

ज्या कुटुंबांत वृद्ध एकटे परतत आहेत व ज्यांना टाकी अथवा गच्ची साफ करणे झेपत नाही, त्यांच्यासाठी आपल्या गल्लीतील तरुणांनी एक रविवार द्यावा, अशी सर्व सभासदांस नम्र विनंती.

आपला नम्र,
चिटणीस,
विश्वस्त मंडळाच्या वतीने, सुरत